हेडलाईट पिवळी पडते, बल्ब उडतो, होल्डर वितळतो: चौथा बल्ब घेण्याआधी हे तपासा

हरभऱ्याला दुसरं पाणी चालू होतं. त्या आठवड्यात आमच्या फिडरची थ्री फेज, म्हणजे शेतपंपाची वीज, रात्री होती, म्हणून साडेअकराला मोटरसायकल काढली. डांबरी सोडून पांदणीत शिरलो, अप्पर दाबला, तर पुढे पडलेला उजेड म्हणजे काजळी धरलेल्या कंदिलाचा. तुरीतून रोह्यांचा (नीलगायींचा) कळप आडवा निघाला. मला तो दिसला नाही, खुरांचा आवाज आला म्हणून ब्रेक दाबला. शेवटचा रोही पुढच्या चाकापासून हातभरावरून गेला.

चार महिन्यांत तो तिसरा बल्ब होता.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला पार्टच्या दुकानात गेलो, तर काउंटरवरचा पोरगा हसायलाच लागला. "भाऊ, पस्तीसचा सोड आता. साठ-पंचावन्नचा घेऊन जा, मंग पाय उजेड." घेतला. बल्बच्या कडीचे कान थोडे घासून बसवावे लागले, तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. दोन दिवस पांढरा स्वच्छ उजेड पडला. आठव्या दिवशी प्लास्टिक जळाल्याचा वास आला, होल्डर वितळून बल्बला चिकटला होता आणि अप्पर-डिपरचं बटण अंगठ्याला गरम लागत होतं. परत ३५/३५ वॉटचा लावला. परत तोच पिवळा.

मी पाण्याच्या मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटारीला नवी तार गुंडाळून देतो. शेतकरी जळालेली मोटार घेऊन आला की मी त्याला एकच प्रश्न विचारतो : डीपी (ट्रान्सफॉर्मर) विहिरीपासून किती लांब आहे आणि मधली वायर कोणती आहे? दहातल्या सात मोटारींचा स्वतःचा काही दोष नसतो. वायर बारीक, जोड पिरगळलेले, स्टार्टरचे कॉन्टॅक्ट काळे, म्हणून मोटारीपर्यंत व्होल्टेज पोचत नाही. जगाला हे सांगणारा मी, आणि स्वतःच्या गाडीला तीन वेळा बल्ब बदलत बसलो. मोटार बदलून व्होल्टेज वाढत नाही, तसा बल्ब बदलूनही वाढत नाही.

ज्यांना हा त्रास सारखा सारखा होतो त्यांच्यासाठी माझ्या गाडीवर काय केलं, कुठे चुकलो आणि लोकांच्या गाड्यांवर काय दिसलं ते लिहितो. माझी गाडी १५० सीसीची, २०११ ची. तुमची वेगळी असेल तर वायरींचे रंग वेगळे असतील, बाकी हिशेब तोच.

आधी ठरवा : दिवा बॅटरीवर की कॉइलवर

हे न बघता रिले (बल्बचा करंट चालू-बंद करणारा छोटा विजेचा स्विच) लावायला गेलेले मला महिन्याला दोन तरी भेटतात.

जुन्या १०० ते १२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाईट बॅटरीवर चालतच नाही. इंजिनातल्या मॅग्नेट कॉइलमधून एसी करंट निघतो, आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) त्याला आवरतं आणि तो सरळ बल्बला जातो. एका अर्ध्या लहरीत बॅटरी चार्ज होते, दुसऱ्या अर्ध्या लहरीत दिवा पेटतो. म्हणून अशी गाडी स्लोवर असली की उजेड मरतो आणि रेस दिली की वाढतो. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये लखलखाट, खड्ड्यात हळू केली की अंधार. उजेड लागतो नेमका खड्ड्यात.

इंजिन बंद ठेवून किल्ली चालू केली आणि हेडलाईट पेटली तर ती बॅटरीवरची, डीसी. नाही पेटली म्हणून लगेच एसी समजू नका. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन चालू असताना हेडलाईट आपोआप पेटती ठेवणं सक्तीचं झालं, तेव्हापासून दिव्याचं बटणच गेलं. यातल्या कित्येक गाड्यांचा दिवा डीसी असूनही इंजिन सुरू झाल्यावरच लागतो. पास बटण (अप्पर क्षणभर चमकवायचं) दाबूनही ठरवू नका, काही एसी गाड्यांत पास तेवढा बॅटरीवरून दिलेला असतो.

मीटर लावा. इंजिन चालू, दिवा चालू, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. आकडा १३-१४ च्या आसपास बसून राहिला तर डीसी. रेसबरोबर नाचत असेल किंवा उणे दाखवत असेल तर मीटर एसीवर करा, तिथे बाराच्या आसपास येईल. एक फसगत मात्र लक्षात ठेवा. ते पिवळं स्वस्तातलं मीटर असतं ना, त्याच्या एसी रेंजला बॅटरीचा डीसी लावला तर ते सरळ २७-२८ व्होल्ट दाखवतं, आणि पिना उलट्या धरल्या तर शून्य. एकजण याच आकड्याला घाबरून नवं आरआर युनिट घेऊन आला होता. म्हणून आधी नेहमी डीसी रेंजला बघा.

गाडी एसी निघाली तर रिले विसरा. रिलेच्या कॉइलला अर्धी लहर मिळाली की तो टकटकत राहतो आणि कॉन्टॅक्ट जाळून घेतो. दिवा बॅटरीवर घेतला तर त्या गाडीची अडीच-तीन अँपिअर-अवरची बॅटरी आणि तिला मिळणारं अर्ध्या लहरीचं चार्जिंग ३५ वॉटला पुरत नाही. आठवड्याभरात सेल्फ बंद, मग हॉर्न बंद. पूर्ण डीसी करायचं तर कॉइल प्लेटवर अर्थ केलेलं टोक सोडवून वेगळ्या वायरने बाहेर काढावं लागतं आणि फुल वेव्हचं, म्हणजे दोन्ही अर्ध्या लहरी वापरणारं, आरआर युनिट बसवावं लागतं. करणारे करतात. मी करत नाही, आणि ज्याने आधी अशी चार कामं केली नाहीत त्याच्या हातून करूनही घेऊ नका. एसी गाडीत होल्डर, कपलर (वायरी जोडणारा प्लग) आणि अर्थिंग साफ करा, स्लो स्पीड ठरल्याप्रमाणे लावा, बल्ब ३५/३५ च ठेवा. त्याचाही फरक दिसतो.

यापुढचं सगळं डीसी गाडीसाठी आहे.

व्होल्टेज कुठे मुरतं ते शोधणं

दुकानात काय करतात? बल्ब काढतात, होल्डरमध्ये मीटरच्या पिना घालतात, १३.५ आला की म्हणतात वायरिंग ओके आहे. इथेच सगळा घोळ होतो. ठिबकच्या नळीचं शेवटचं टोक बुच लावून बंद केलं तर तिथेही पूर्ण प्रेशर येतं. पाणी वाहायला लागल्यावर काय उरतं तो प्रश्न आहे. वायरिंगचंही तेच. करंट वाहत नसेल तर सडलेल्या जोडातूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. म्हणून बल्ब जागेवर, दिवा पेटलेला, आणि कपलरच्या मागून वायरीच्या कडेने टाचणी सरकवून तिथे मीटर लावायचं.

माझ्या गाडीत इंजिन थोडं रेसवर ठेवून बॅटरीवर १३.६ व्होल्ट आले. त्याच वेळी बल्बच्या दोन पातींमध्ये (मागच्या धातूच्या टोकांमध्ये) ११.५. मधले २.१ व्होल्ट वाटेत मुरत होते.

दोन व्होल्टने काय होतं असं वाटेल. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, साधारण ३.४ व्या घाताने पडतो. दहा टक्के व्होल्टेज गेलं की तीस टक्के उजेड गेला. एचएस१ म्हणजे आपल्या ३५/३५ बल्बचा उजेड १३.२ व्होल्टला मोजलेला असतो, अप्परला ८२५ ल्युमेन आणि डिपरला ५२५. ११.५ व्होल्टला त्या ८२५ चे सव्वापाचशेच्या आत येतात. म्हणजे मी अप्पर लावून डिपरच्या उजेडात फिरत होतो, आणि डिपर लावल्यावर तर काय विचारता.

हे २.१ कुठे गेले ते दोन भागांत बघायचं. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी बल्बच्या पेटलेल्या पातीला. दिवा चालू असताना जो आकडा येईल तेवढं प्लसच्या वाटेत मुरतंय. मग एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी बल्बच्या अर्थ पातीला. माझ्याकडे प्लसमध्ये १.३ आणि अर्थमध्ये ०.८ निघाले.

अर्थमध्ये पाऊण व्होल्टच्या वर! लोक प्लसच्या मागे लागतात, अर्थकडे कोणी बघत नाही. हेडलाईटची अर्थ वायर टाकीखाली चार वायरींच्या एका जोडात गेली होती, तिथून चेसिसच्या बोल्टला, आणि त्या बोल्टखाली रंग आणि गंज. पॉलिश पेपरने घासून, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) नवा दाबून, वरून पेट्रोलियम जेली लावली. ०.८ चे ०.२ झाले. खर्च वीस रुपयांच्या आत.

अर्थ खराब असल्याची एक खूण मीटरशिवायही दिसते. डिपर चालू असताना स्पीडोमीटरच्या डब्यातला अप्परचा निळा दिवा मंद मंद पेटत असेल, तर करंटला जायला अर्थ मिळत नाहीये. तो अप्परच्या तारेतून उलटा फिरून त्या निळ्या दिव्यातून वाट काढतोय. हे दिसलं की आधी अर्थ, मग बाकीचं.

प्लसच्या बाजूला टप्प्याटप्प्याने मोजलं. फ्यूजपर्यंत ०.१, किल्लीच्या स्विचमध्ये ०.५, हँडलच्या स्विचमध्ये ०.५, शेवटच्या कपलरमध्ये ०.२. वायर बारीक असते हे खरं, पण तिच्यावर किती दोष टाकायचा याचा हिशेब करून बघा. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या लवचिक वायरीला मीटरमागे ०.०३९ ओहम. बॅटरीपासून किल्ली, स्विच करत बल्बपर्यंत तीन मीटर धरले तर ०.१२ ओहमही होत नाही. ३५ वॉटचा बल्ब अडीच-पावणेतीन अँपिअर घेतो, म्हणजे सगळ्या वायरीत मिळून ०.३ व्होल्ट. बाकीचा पूर्ण एक व्होल्ट सांध्यांमध्ये गेला होता. धूळ, पावसाळ्यात विहिरीच्या पाईपने गाडी धुताना आत गेलेलं पाणी, आणि बारा-तेरा वर्षं.

म्हणून कोणी नुसती जाड वायर ओढून दिली आणि करंट त्याच जुन्या स्विचमधून नेला, तर ते काम अर्धंच झालं.

आता ६०/५५ चं काय झालं तेही कळतं. त्याच सांध्यातून अडीचच्या जागी साडेचार-पाच अँपिअर गेले. सांध्यात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. होल्डर वितळला यात बल्बच्या कंपनीचा काय दोष? १००/९० वाला बल्ब तर घेऊच नका. तो आठ अँपिअर मागतो, रिफ्लेक्टर काळा करतो, आणि समोरून येणारा माणूस आंधळा होऊन तुमच्याच अंगावर येतो.

सांधे साफ करून माझा आकडा ११.५ वरून १२.५ ला आला. खरं सांगतो, बऱ्याच जणांना इथेच थांबलं तरी चालेल. पण स्विचचे कॉन्टॅक्ट एकदा खाल्ले गेले की घासून फार दिवस टिकत नाहीत, पुढच्या पावसाळ्यात परत तेच. मला परत परत नको होतं.

रिले

रिले म्हणजे पाण्याच्या मोटारीला असतो तसा स्टार्टरच. हिरवं बटण स्वतः मोटारीचा करंट वाहत नाही, कॉन्टॅक्टरला फक्त इशारा देतं, तसंच. हँडलच्या स्विचमधून आता फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जाईल, साधारण ०.१५ अँपिअर. बल्बचा करंट बॅटरीपासून नव्या वायरीने सरळ येईल.

दोन रिले घ्या, १२ व्होल्टचे, एक डिपरला, एक अप्परला. पाच पिनी मिळतात आणि चार पिनीही. चार पिनीच घ्या, कारण खाली येतंय. सोबत रिलेचे होल्डर, ब्लेड फ्यूजचा होल्डर, चिनी मातीचा हेडलाईट होल्डर, आणि दीड चौरस मिलिमीटरची गाडीची वायर तीन-चार मीटर. घरातल्या फिटिंगची उरलेली एकतारी वायर वापरू नका, हादऱ्याने तुटते. सगळं मिळून नव्या टायरच्या निम्म्यातही येत नाही.

आधी बॅटरीचा मायनस सोडा. मायनसच आधी, नाहीतर पाना चेसिसला लागला की ठिणगी, आणि वर पेट्रोलची टाकी.

बॅटरीच्या प्लसपासून नवी वायर, वीतभराच्या आत १० अँपिअरचा लाल फ्यूज, तिथून दोन्ही रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला. फ्यूज रिलेजवळ लावणारे आहेत. मधली दीड मीटर वायर मग कुठेही सोलली तर तिला वाचवायला कोणी नाही, म्हणून फ्यूज बॅटरीजवळच. दोन्ही रिलेचा ८५ नंबर अर्थला. मूळ कपलरमधली डिपरची वायर एका रिलेच्या ८६ ला, अप्परची दुसऱ्याच्या ८६ ला. ८५-८६ उलटे झाले तर साध्या रिलेला फरक पडत नाही, पण आत डायोड असलेला रिले असेल तर तो डायोड किंवा फ्यूज जातो, म्हणून सवयच लावा : ८६ प्लस, ८५ अर्थ. दोघांचे ८७ नव्या होल्डरच्या डिपर आणि अप्परच्या पातीला. होल्डरची अर्थ जाड वायरीने थेट बॅटरीच्या मायनसला. चेसिसचा बोल्ट शोधू नका, तुम्ही नुकताच तो गंज घासलाय.

कपलरच्या तीन पातींमधली अर्थ कोणती हे रंगावरून ठरवू नका, मायनस सोडण्याआधीच मीटरने बघून ठेवा. किल्ली बंद, बल्ब काढलेला, आणि जी पात बॅटरीच्या मायनसशी मीटरवर बीप देते ती अर्थ. उरलेल्या दोन, स्विच इकडे-तिकडे करून समजतात.

मूळ वायरिंग कापू नका. जुन्या कपलरमध्ये बसेल असा प्लग बाजारात मिळतो, तो घातला की गाडी कधीही पूर्ववत करता येते. रस्त्यात रिले गेला तर जुना कपलर परत बल्बला लावून घरी येता येतं, हे मला एकदा कामी आलं आहे.

जोड पिरगळून टेप मारू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, उन्हात उभ्या गाडीच्या टेपचा डिंक पातळ होऊन टेप सुटते आणि त्यावर धूळ चिकटते. लग पकडीने नीट दाबा, वर हीट श्रिंकची नळी चढवा. सोल्डर केलं तर ते वायरीत जिथवर चढतं तिथे वायर कडक होते आणि हादऱ्याने नेमकी त्या कडेला तुटते. म्हणून सोल्डरच्या पुढे दोन बोटं वायर घट्ट बांधून ठेवा. रिले हेडलाईटच्या डब्यात किंवा टाकीखाली, पिना खाली करून, म्हणजे पाणी आत साचत नाही.

हे झाल्यावर बॅटरीवर १३.६ आणि बल्बवर १३.३. तोच ३५/३५ चा बल्ब. उजेड पहिल्यापेक्षा दीडपटीहून जास्त.

काम झाल्यावरही परत परत येणारे त्रास

पंधरा दिवस मजेत गेले. मग खड्ड्यात दिवा जायला लागला. क्षणभर जायचा, परत यायचा. रिले ढिला असेल म्हणून तो बदलला. मग फ्यूजचा होल्डर बदलला. मग तालुक्याच्या लाईटवाल्याने आणखी एक रिले बदलून पैसे घेतले. शेवटी एका रात्री घरासमोर गाडी स्टँडवर लावली, दिवा चालू केला आणि हँडल हळूहळू डावीकडे पूर्ण वळवलं. दिवा गेला. सरळ केलं, आला. नवी वायर मी स्टेअरिंगच्या नळीजवळून ताणून नेली होती. प्रत्येक वळणावर ती एकाच जागी मोडत होती आणि आतल्या तारा तुटून दोन-तीनच शिल्लक होत्या. वरून प्लास्टिक एकदम चांगलं, त्यामुळे डोळ्याला काही दिसत नव्हतं.

दिवा अधूनमधून जात असेल तर पार्ट बदलण्याआधी हे करा. दिवा चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवा, मग वायरीचा गठ्ठा टाकीपासून पुढे हाताने हलवत या. जिथे दिवा लुकलुकतो तिथेच दोष. नवी वायर हँडल पूर्ण वळल्यावरही सैल राहील एवढी लांब ठेवा आणि मूळ गठ्ठ्याच्या बाजूनेच न्या. हलवून काही झालं नाही तर मग फ्यूज आणि रिलेच्या होल्डरमधल्या पाती बघा. त्या पसरल्या असतील तर बारीक पकडीने थोड्या दाबाव्या लागतात.

किल्ली बंद केली की दिवा लागतो आणि चालू केली की विझतो, अशी एक गाडी मागच्या वर्षी आली. मालकाला वाटलं भूतबाधा. पाच पिनी रिलेच्या मधोमध ८७ए नावाची पिन असते, ती रिले बंद असताना जोडलेली असते. होल्डरची वायर ८७ ऐवजी तिला गेली होती. म्हणून म्हटलं, चार पिनीच घ्या.

दोन्ही दिवे एकदम अर्धवट पेटतात : अर्थ सुटली किंवा होल्डरमध्ये अर्थची जागा चुकली.

रिले टकटक वाजतो : गाडी एसी आहे, किंवा बॅटरी बसली आहे, किंवा ८५ ची अर्थ ढिली आहे. सेल्फ मारताना एकदा टक झाला तर ते चालायचंच.

आता बल्ब उडण्याबद्दल, कारण इथे लोक रिलेला शिव्या देतात. आधी वाटेत दोन व्होल्ट मुरत होते, म्हणजे आरआर युनिट खराब होऊन बॅटरीवर १५.५ देत असलं तरी बल्बला साडेतेराच मिळायचे. वाट साफ केली आणि ते साडेपंधरा सरळ बल्बवर गेले. आपल्या गावात रात्री दोनला सगळे झोपले, लोड उतरला की व्होल्टेज चढतं आणि ज्याच्या घरची वायर चांगली त्याचाच बल्ब आधी जातो, त्यातलाच हा प्रकार. बॅटरीवर मीटर लावा, इंजिन बऱ्यापैकी रेसवर न्या. १४ ते १४.५ वर आकडा थांबला पाहिजे. रेसबरोबर १५ च्या वर चढत गेला तर आधी आरआर युनिटची अर्थ आणि कपलर साफ करा, तरी चढलाच तर युनिट बदला. ते तसंच ठेवलं तर बल्बनंतर बॅटरीची पाळी आहे. व्होल्टेज बरोबर असून बल्ब जात असेल तर तो होल्डरमध्ये हलतो का बघा, आणि काचेला हात लावून बसवला होता का ते आठवा. हाताचं तेल काचेवर राहिलं की ती जागा जास्त तापते. धुतलेल्या कपड्याने धरा.

सकाळी बॅटरी बसलेली असेल तर किल्ली बंद करून मायनस सोडा, मीटर १० अँपिअरवर करून मायनस आणि बॅटरीच्या मध्ये लावा. काही मिलीअँपिअरच्या वर जायला नको. ०.१५ च्या आसपास आला तर समजा एखाद्या रिलेची कॉइल रात्रभर चालू आहे, म्हणजे ८६ ची वायर किल्लीआधीच्या जागेवरून घेतली आहे. मीटर असं लावलेलं असताना चुकूनही सेल्फ मारू नका.

आणि उंदीर. भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरलेला, त्याच पडवीत गाडी उभी. साइड कव्हर उघडलं तर बॅटरीवर कापसाचं घरटं आणि नव्या वायरीचं प्लास्टिक कुरतडलेलं. फ्यूज बॅटरीजवळ होता म्हणून तो उडून गेला आणि तेवढ्यावर निभावलं. मागे कापसाची गंजी होती, म्हणून सांगतो. तेव्हापासून मी नव्या वायरीवर जाड फ्लेक्सिबल पाईप चढवतो. उंदीर तोही खातात, पण त्यांना वेळ लागतो.

एलईडी बल्बबद्दल प्रत्येकजण विचारतो. रिफ्लेक्टर हा फिलामेंट नेमक्या जागी असेल या हिशेबाने बनवलेला असतो. एलईडीच्या पट्ट्या दोन बाजूंना असतात, उजेड भरपूर निघतो पण चारी दिशांना फाकतो. झाडाची पानं मस्त दिसतात, खड्डा दिसत नाही. मागचा छोटा पंखा आपल्या काळ्या मातीच्या धुळीत जाम होतो आणि मग एलईडी तापून मंद होते. चांगले निघाल्याचं सांगणारेही आहेत, माझ्या दुकानासमोर मात्र मंद झालेलेच येतात. आणि ज्या नव्या गाडीला कंपनीचीच एलईडी हेडलाईट आहे तिला यातलं काहीच लावू नका. वॉरंटीतली गाडी तर उघडूच नका.

रिफ्लेक्टरची चांदी उडाली असेल, आत तपकिरी डाग पडले असतील, तर १३.३ व्होल्ट देऊनही उपयोग नाही. आतला भाग बदलून घ्या.

शेवटचं काम फोकसचं. उजेड वाढल्यावर तो आधीच्याच उंचीवर ठेवला तर समोरचा शिव्या देतो. सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर गाडी सरळ धरा, स्वतः बसा, डिपर लावा. उजेडाची वरची कड हेडलाईटच्या मध्यापेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली यायला हवी. पण मागे रोज सोयाबीनचं कट्टं किंवा दुधाच्या दोन कॅन असतील तर ते ओझं लादूनच हे करा, कारण मागचं दबलं की पुढचा उजेड वर जातो. मी आधी रिकाम्या गाडीवर लावला होता. पहिल्याच बाजाराच्या दिवशी समोरून येणाऱ्या मामांनी गाडी थांबवून विचारलं, "काहून गा, विमान उतरवून राह्यला का?"